खोट्या नोटांचा खरा हिशेब

लोकांचे पैसे मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली. या बावीस वर्षांत मी फाटक्या नोटा पाहिल्या, तेलकट नोटा पाहिल्या, खोट्या नोटा पाहिल्या. एका आजीबाईंनी जपून ट्रंकेत ठेवलेल्या आणि कसरीने तितक्याच जपून कुरतडलेल्या नोटाही पाहिल्या. पण मुळात नसलेल्या पैशासाठी असलेला पैसा मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच घरात.

"बाबा, आठशे रुपये हवेत," चिरंजीव म्हणाले.

"कशाला?"

"डायमंड घ्यायचेत."

आठशे रुपयांत हिरे मिळतात हे ऐकून सौ. तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आली आणि खुलासा होताच तितक्याच वेगाने परत गेली. पोळी करपली ती करपलीच. हिरे चिरंजीवांच्या मोबाइलमधल्या खेळातले होते. खेळाचं नाव मी सांगत नाही, कारण मला ते नीट उच्चारता येत नाही. एवढंच कळलं, की त्यात पुष्कळ माणसं एका बेटावर उतरून एकमेकांना गोळ्या घालतात, आणि हिरे मोजले की बंदुकीला नवा रंग येतो. शिवाय थोडा जोरही येतो.

"पण तू तर परवा म्हणत होतास, बी विंगमधला ओंकार चीटिंग करतो म्हणून?"

"करतोच! त्याला खेळता काही येत नाही. नुसते पैसे टाकतो आणि जिंकतो. त्याला पे टू विन म्हणतात."

"आणि तू टाकणार ते?"

"ते वेगळं. मला क्लासमुळे वेळ मिळत नाही ना. ते टाइम वाचवायला."

कॉमर्सला आम्हांला दुहेरी नोंद पद्धत शिकवली होती. एकच व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. ती पद्धत रक्तातून पुढे जाते हे मात्र पुस्तकात नव्हतं. ओंकारच्या खात्यावर पाप आणि स्वतःच्या खात्यावर गरज, रक्कम तीच!

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. आमच्या बँकेत या वाक्याचा अर्थ 'नाही' असा होतो, आणि घरीही तोच होतो. पण या खेपेला मी खरोखरच विचार केला. महिनाभर रात्री जागून वाचलं. कारण या भांडणात माझं जुनं काहीतरी अडकलेलं होतं.

आमच्या लहानपणी वाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत 'व्यापार' चालायचा. पुठ्ठ्याचा पट, दोन फासे, रंगीत सोंगट्या आणि कागदी नोटा. दिल्ली विकत घ्यायची, कलकत्ता विकत घ्यायचं, आणि दुसऱ्याची सोंगटी तिथे पडली की भाडं वसूल करायचं. मला घरं घेण्याचं धाडस कधीच झालं नाही, म्हणून सगळे मलाच बँक करायचे. माणसाचं भविष्य असं दहाव्या वर्षीच ठरतं, परीक्षा उगाचच घेतात.

तर एका दुपारी आमचा चुलतभाऊ बंड्या हरत होता. नंदाकडे नोटांची चळत होती, पण तिला पेप्सीकोला खायचा होता. पेप्सीकोला म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ; चार आण्याला मिळायचा. बंड्याच्या खिशात चार आणे होते. बंड्याने चार आणे नंदाला दिले आणि नंदाने खेळातले दोन हजार बंड्याला दिले. नंदा बर्फ चोखत बसली, बंड्याने मद्रास घेतलं, आणि उरलेल्या तिघांनी जो आरडाओरडा केला तो ऐकून पोस्टातून रिटायर झालेले काका झोपेतून उठले. त्यांनी दोन्ही पक्षांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "तिच्या नोटा, तिने विकल्या. तिचं कमी झालं, त्याचं वाढलं. गप खेळा." काकांना पुन्हा झोपायचं होतं, पण निकाल बरोबर होता. मात्र दुसऱ्या दिवशी जे झालं त्यावर त्यांनी वेगळा निकाल दिला. तो शेवटी सांगतो, कारण त्यात आरोपी मी होतो.

बंड्या आणि नंदाने जे चार आण्यांत केलं, ते जगाने पुढे डॉलरमध्ये केलं. १९९७ साली अमेरिकेत 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचा खेळ निघाला. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक राज्यात नांदू लागली. त्यांनी तलवारी घेऊन राक्षस मारावेत अशी अपेक्षा. पण कित्येकांनी तिथे खाणकाम, शिवणकाम नाहीतर लोहारकाम पत्करलं. दिवसभर ऑफिसात राबलेला माणूस रात्री घरी येऊन पुन्हा लोहार म्हणून राबायचा आणि त्यासाठी दरमहा वर्गणी भरायचा! थोड्याच काळात कोणाच्या तरी लक्षात आलं, की या घामाला बाहेर गिऱ्हाईक आहे. ज्याच्यापाशी वेळ आहे पण पैसा नाही त्याने नाणी जमवावीत, आणि ज्याच्यापाशी पैसा आहे पण वेळ नाही त्याने ती विकत घ्यावीत. ईबेवर जुन्या खुर्च्या-टेबलांच्या शेजारी काल्पनिक किल्ल्यांचे आणि काल्पनिक सोन्याचे लिलाव होऊ लागले.

१९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' आला. त्यातल्या देशाचं नाव नॉरॅथ. कॅलिफोर्नियातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा त्या देशात खेळायला गेले आणि खेळता खेळता हिशेब करू लागले. (ही खोड मला समजू शकते. मी लग्नाच्या पंगतीतही पानं मोजतो.) लिलावातल्या भावांवरून त्यांनी २००१ साली जो निबंध लिहिला तो वाचून मी खुर्चीत ताठ झालो. नॉरॅथच्या एका नाण्याला बाजारात ०.०१०७ डॉलर मिळत होते. म्हणजे ते नाणं जपानच्या येनपेक्षा आणि इटलीच्या लिरापेक्षा महाग. तिथे तासभर राबलं की ३.४२ डॉलरची कमाई व्हायची, आणि त्या देशाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कुठेतरी बसत होतं. नसलेला देश, नसलेली माणसं, नसलेले राक्षस. पण दरडोई उत्पन्न आहे! त्या वेळच्या डॉलरच्या भावाने मी त्या नाण्याची किंमत काढली. सुमारे आठ आणे आली. हा आकडा लक्षात ठेवा.

कंपनीला हा धंदा पसंत नव्हता. तिच्या सांगण्यावरून ईबेने २००१ साली एव्हरक्वेस्टचा माल फळीवरून उतरवला. पण माल उतरवला म्हणून गिऱ्हाईक उतरत नाही; ते मागच्या दाराने येतं. नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' निघाला आणि मागच्या दाराशी रांग लागली. रांगेच्या दुसऱ्या टोकाला चीन होता.

ज्युलियन डिबेल या लेखकाने २००७ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात नानजिंग शहरातल्या अशा एका कारखान्याचं वर्णन केलं. खोलीत ट्यूबलाइट, ओळीने संगणक आणि बारा तासांची रात्रपाळी. तरुण मुलं रात्रभर तेच ते राक्षस मारतात आणि नाणी गोळा करतात. शंभर नाण्यांमागे मुलाच्या हातात सव्वा डॉलर; तासाचा हिशेब केला तर ३० सेंट. तीच शंभर नाणी मालक तीन डॉलरला पुढे विकतो आणि शेवटचं अमेरिकन गिऱ्हाईक त्यांना २० डॉलरपर्यंत मोजतं. हे वाचताना मला कांदा आठवला. शेतकऱ्याला काय मिळतं आणि आपण मंडईत काय देतो, त्याचाच हा चिनी अवतार. आणि २०११ साली गार्डियन या इंग्रजी पत्रात एका माजी कैद्याची हकिकत आली. चीनमधल्या सक्तमजुरीच्या छावणीत दिवसा दगड फोडायला लावत आणि रात्री खेळातलं सोनं कमवायला लावत. खेळायची शिक्षा! आमच्या चिरंजीवांना ही हकिकत वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "दिवसाचं सोडलं तर बरंय की." मग थोडं थांबून म्हणाले, "पण थांबता येत नसेल ना?" मी म्हणालो, "नाही. थांबता येत नाही." त्यावर ते गप्प झाले.

आता इथे कॉमर्स ग्रॅज्युएटला एक शंका येते. या खेळांत नाणं जन्माला कुठे येतं? तर राक्षसाच्या खिशात. राक्षस मारला की नाणी पडतात आणि थोड्या वेळाने तोच राक्षस भरल्या खिशाने पुन्हा उभा राहतो. म्हणजे प्रत्येक राक्षस ही एक टांकसाळ झाली. रोज संध्याकाळी तासभर खेळणाऱ्याने चार नाणी पाडली तर काही बिघडत नाही. पण शेकडो मुलं तीन पाळ्यांत टांकसाळ चालवू लागली की नाणी उदंड होतात आणि तलवारीचा भाव आभाळाला भिडतो. ज्याने काही विकलं नाही आणि काही घेतलंही नाही, त्या सरळमार्गी खेळाडूची शिल्लक बसल्या जागी रोडावते. महागाईचं हे सूत्र आमच्या सरांनी एस. वाय. ला फळ्यावर लिहून दिलं होतं. ते राक्षसांनाही लागू पडतं हे त्यांनी सांगितलं असतं तर वर्गात हजेरी वाढली असती.

चोराला पकडता येत नसेल तर त्याचं दुकान आपणच काढावं, हा विचार कंपन्यांच्या डोक्यात इथून शिरला. त्यातला सगळ्यांत शहाणा आणि सगळ्यांत वादग्रस्त प्रयोग झाला आइसलँडमध्ये. रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ २००३ सालचा. त्यात अंतराळात खाणी खणायच्या, व्यापार करायचा, जहाजं बांधायची आणि दुसऱ्याची फोडायची. फुटलेलं जहाज परत मिळत नाही. गेलं ते गेलंच. चलनाचं नाव इस्क. आइसलँडच्या खऱ्याखुऱ्या क्रोनाचा संक्षेपही इस्कच! पुढे ऑक्टोबर २००८ मध्ये त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात कोसळल्या, आणि काही काळ तरी खोटा इस्क खऱ्या इस्कपेक्षा भरवशाचा वाटावा अशी परिस्थिती आली.

साधारण त्याच सुमारास सीसीपीने 'प्लेक्स' आणला. तेव्हा एक प्लेक्स म्हणजे एक महिना खेळायचा परवाना असायचा. समजा, श्रीयुत अ यांच्याकडे पैसा आहे, वेळ नाही. कुमार ब याच्याकडे वेळ आहे, पैसा नाही. अ खरे डॉलर देऊन कंपनीकडून प्लेक्स घेतात आणि खेळातल्या बाजारात ब ला इस्क घेऊन विकतात. अ ना इस्क मिळाले, ब चा महिना फुकट गेला, कंपनीला वर्गणी मिळाली. आता लेजर उघडून पाहा. नवा इस्क किती छापला? शून्य! ब चे कमी झाले, अ चे वाढले. म्हणजे ही बंड्या आणि नंदाचीच दुपार, आणि काकांचा निकाल आइसलँडपर्यंत पोहोचलेला.

बरं, इस्क विकत घेतले म्हणून अ जिंकतात का? मुळीच नाही. २०१० साली एका महाभागाने ७४ प्लेक्स, म्हणजे हजार-बाराशे डॉलरचा ऐवज, एका चिमुकल्या जहाजात घातला आणि निघाला. बाजाराच्या दाराशीच दरोडेखोरांनी ते फोडलं. प्लेक्स जहाजासकट जळून खाक झाले. हातगाडीवर तिजोरी ठेवून बोळातून जाणाऱ्याला आपण काय म्हणू? उलट २०१४ च्या जानेवारीत एका बलाढ्य आघाडीचं एका तारामंडळाच्या ताब्याचं बिल वेळेवर भरायचं राहिलं. ताबा सुटला, शत्रू चालून आला आणि हजारो खेळाडूंची जी लढाई जुंपली, तिच्यात ७५ महाकाय जहाजं आणि हिशेब केला तर तीन लाख डॉलरच्या आसपासची मालमत्ता नष्ट झाली. पैसा होता, जहाजं होती; ड्यू डेट विसरली! मी ही हकिकत आमच्या शाखेत सगळ्या कर्जदारांना ऐकवतो. त्यांना अंतराळाचं कळत नाही, पण ड्यू डेटचं कळतं.

ईव्हमध्ये खेळाडूंनी बँकाही काढल्या होत्या. त्यातल्या ईबँक नावाच्या मोठ्या बँकेच्या प्रमुखाने २००९ साली ठेवीदारांचे २०० अब्ज इस्क उचलले आणि बाहेर खऱ्या पैशाला विकून टाकले. ऑस्ट्रेलियातला तरुण, घरासाठी भरायचं डिपॉझिट आणि मुलाच्या औषधोपचाराचा खर्च समोर उभा होता असं त्याने सांगितलं. बातमी फुटली आणि ठेवीदारांची झुंबड उडाली. कंपनीने त्याला खेळातून काढून टाकलं. पण कशासाठी? चोरीसाठी नव्हे! चोरी, दगाबाजी, अफरातफर हे त्या खेळात चालतं. काढलं ते इस्क बाहेर खऱ्या पैशाला विकले म्हणून. मी हे जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा आमचे हेड कॅशियर घास हातात धरून बसून राहिले. अखेर म्हणाले, "म्हणजे कुंपणाने शेत खाल्लं ते चाललं, फक्त बाजारात नेऊन विकायला नको होतं?" विचार केला तर त्यात अर्थ आहे. खेळातला चोर खेळातच राहिला तर तो खेळाचा भाग असतो; त्याला पकडता येतं, लुटता येतं. बाहेर गेलेला पैसा मात्र कोणाच्याच डावात परत येत नाही.

२०११ चा उन्हाळा आला आणि ईव्हमध्ये दंगल झाली. निमित्त एका डोळ्याच्या चष्म्याचं. कंपनीने आपल्या दुकानात खेळाडूच्या बाहुल्याला घालायला एकाक्षी चष्मा ठेवला; किंमत साठेक डॉलर. त्याने काही जोर येत नव्हता, नुसता रुबाब. तरी लोक खवळले, कारण त्याच वेळी कंपनीचं एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटलं. त्यात लोभ चांगला का, अशा अर्थाचा मथळा होता आणि पुढेमागे जहाजं-दारूगोळाही विकायची चर्चा होती. शेकडो जहाजं जिटा नावाच्या बाजारपेठेत जमली आणि तिथल्या स्मारकावर तोफा डागू लागली. कंपनीने खेळाडूंच्या निवडून आलेल्या समितीला तातडीने रेक्याविकला बोलावून घेतलं आणि जोर येईल असं काही विकणार नाही असं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी पत्र लिहून माफी मागितली. त्याच महिन्यात पाचवा हिस्सा नोकरवर्ग कमी झाला. चूक वरच्यांची आणि नोकरी खालच्यांची, हा नियम मात्र खेळातही नाही आणि खेळाबाहेरही बदलत नाही.

चष्म्यावरून दंगल का? कारण लोकांना चष्म्याची भीती नव्हती, पेटीची होती. नंदाने आपल्या नोटा विकल्या तर विकल्या. पण बँकच पेटीतून नोटा काढून विकायला बसली तर?

तरीही एवढ्याने निकाल लागत नाही. 'डायब्लो' या खेळाच्या तिसऱ्या भागात २०१२ साली खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं. विकणारे खेळाडू, घेणारे खेळाडू. काकांच्या निकालात तंतोतंत बसणारं. पण त्या खेळाची सगळी गंमतच मुळी राक्षस मारता मारता अवचित चांगली तलवार सापडण्यात. तीच तलवार लिलावात मिळू लागली, तेव्हा लोक राक्षसांकडे जायचे थांबून दुकानात जायला लागले. खेळायचं कारणच दुकानाने गिळलं. मार्च २०१४ मध्ये कंपनीने स्वतःच लिलावघराला टाळं लावलं. चालत्या दुकानाला मालकाने आपण होऊन टाळं लावल्याचं उदाहरण आमच्या पेठेत तरी नाही.

मग प्लेक्ससारख्या युक्त्या इतरांनीही उचलल्या. 'रूनस्केप'ने २०१३ साली रोखे काढले, वॉरक्राफ्टने २०१५ साली टोकन काढलं. (टोकन हा शब्द वाचून मला आमच्या शाखेतली पितळी टोकनं आठवली. ती घेऊन माणसं तासन्‌तास बसायची. हे टोकन तास वाचवण्यासाठी.) मागच्या दाराची रांग काही संपली नाही. व्हेनेझुएलात महागाई भडकली तेव्हा तिथली माणसं रूनस्केपमध्ये हिरवे ड्रॅगन मारून सोनं विकू लागली. त्यांच्या देशाच्या नोटेपेक्षा खेळातलं सोनं जास्त टिकत होतं. खोटी नोट खऱ्या नोटेपेक्षा खरी ठरली. कोणाची करमणूक, कोणाची भाकरी. आणि दोघंही एकाच ड्रॅगनपुढे उभे!

२०१६ साली मात्र ईव्हने माझ्या वर्मावर घाव घातला. त्या खेळात कौशल्य नुसतं काळाने वाढायचं. गरीब असो, श्रीमंत असो, महिना लागतो म्हणजे महिना लागतो. थोडक्यात, नोकरीतली सिनिऑरिटी. मला तो खेळ यासाठीच आवडला होता. पण आता एकाच्या डोक्यातलं कौशल्य काढून इंजेक्शनसारखं दुसऱ्याला टोचायची सोय झाली, आणि ते बाजारात विकायला आलं. एक चांगलं केलं. पाच लाख गुणांचं इंजेक्शन नवख्याला पुरतं लागू पडायचं आणि आठ कोटींच्या वर गेलेल्या मुरब्ब्याला त्यातले दीड लाखच मिळायचे. म्हणजे मागे राहिलेल्याला हात मिळाला, पुढे गेलेल्याला चढण लागली. तरीही माझी बावीस वर्षं कोणी इंजेक्शनात भरून काल लागलेल्या पोराला टोचली तर मी जिटाला जाऊन तोफ डागीन. आमच्या शाखेत पेन्शनर मंडळी पासबुक घेऊन बाकावर बसलेली असतात, आणि मोठ्या ठेवीवाल्यांना साहेबांच्या केबिनमध्ये चहा जातो. त्यांचं काम चहा संपायच्या आत होतं. ते काम मीच करतो. बाकावरचे आजोबा माझ्याकडे पाहतात, तेव्हा मी लेजरमध्ये डोकं घालतो.

आता दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बंड्याने त्या दिवशी आठ आणे आणले होते, आणि नंदाकडे न जाता तो माझ्याकडे आला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बँकेच्या पेटीतून त्याला मूठभर नोटा दिल्या. मोजल्यासुद्धा नाहीत. माझ्या बँकिंग कारकिर्दीतला तो एकमेव न मोजलेला व्यवहार. बंड्याने तासाभरात दिल्ली, कलकत्ता, मद्रास, रेल्वे, सगळं घेतलं. मग नंदा उठली. तिच्या मागोमाग बाकीचे उठले. बंड्या सगळ्या हिंदुस्थानाचा मालक होऊन पटापुढे एकटाच बसला. भाडं द्यायला कोणी उरलंच नव्हतं. काकांनी पेटीतल्या नोटा मोजल्या. ते पोस्टातले, त्यांना हिशेब लागायला वेळ लागला नाही. मला म्हणाले, "तिने विकल्या त्या तिच्या होत्या. तू विकल्यास त्या कोणाच्या?" मला उत्तर आलं नाही. त्या आठ आण्यांचे दोन पेप्सीकोला आले. दोन्ही मी एकट्याने खाल्ले, आणि ते मला अजून गार लागतात.

महिन्याने मी चिरंजीवांना बोलावलं.

"ते हिरे तुला कोण विकतं? ओंकार?"

"छे! कंपनीच."

"तिच्याकडे किती आहेत?"

"किती म्हणजे? संपतच नाहीत."

"आणि ओंकार जिंकायला लागला की तू काय करतोस?"

"मी बंद करतो. सगळेच बंद करतात."

मी काही बोललो नाही. चिरंजीव थोडा वेळ नखं खात बसले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही फुकटवाले आहोत म्हणून ओंकारला हरवायला कोणीतरी मिळतं. कंपनीने खरं तर आम्हांलाच पैसे द्यायला पाहिजेत!"

मी चाट पडलो. महिनाभर वाचून मला जे कळलं होतं ते पोराने पाच मिनिटांत सांगितलं. नाणी विकली म्हणून कोणताच खेळ आपोआप बिघडत नाही. नाणी आली कुठून, दुसऱ्याच्या खिशातून की पेटीतून, ते पाहायचं. त्यांनी विकत काय मिळतं, नुसता वेळ की खेळाचा गाभाच, ते पाहायचं. आणि शेवटी पटाभोवती किती जण बसून राहिले ते मोजायचं. मोजणं हा माझा धंदाच आहे.

"मग आठशे नकोत ना?" मी विचारलं.

"चारशे?"

बँकवाल्याचा मुलगा! मी माळ्यावर चढलो आणि धूळ झटकून जुना 'व्यापार' खाली काढला. एक सोंगटी हरवली होती, तिच्या जागी शर्टाचं बटण ठेवलं. सौ. लाही बोलावलं. चिरंजीवांनी नोटा वाटायला घेतल्या तशी मी सवयीने पेटीकडे हात केला.

"तुम्ही नाही," पेटी आपल्याकडे ओढत चिरंजीव म्हणाले. मी त्यांना आठ आण्यांची गोष्ट नको तेवढी खरी सांगितली होती. "बँक आई होईल."